प्रकल्पाशी संबंधित एक व्यक्ती

४ नोव्हेंबर, सोमवार

नाव कापलं! सकाळी मसुद्यात होतं — पहिल्या परिच्छेदात, दुसऱ्या ओळीत, मीच टाइप केलं होतं. चार वाजता मसुदा परत आला तेव्हा दादाच्या नावाच्या जागी "प्रकल्पाशी संबंधित एक व्यक्ती".

संबंधित म्हणे. दूरच्या मावससासऱ्याला म्हणतात संबंधित. नऊ वर्षं हा माणूस संस्थेच्या नळांचं पाणी बाटल्यांत भरतोय, तपासतोय, तक्ते करून वर पाठवतोय.

गेल्या गुरुवारी त्याला उचललं. प्रकल्पाच्या गावात नवे नळ बसवलेत, त्यांच्या पाण्यात शिसं सापडलं. प्रमाणाच्या चौपट. त्याने अहवाल पाठवला आणि तीन आठवडे वाट बघितली. वरून हूं नाही की चूं नाही. मग नऊच्या नऊ नळांवर त्याने स्वतःच्या हाताने पाट्या लावल्या — हे पाणी पिऊ नका, उकळूनही नको. दुसऱ्या दिवशी दोन पोलीस आले. अफवा पसरवल्याचा गुन्हा. आज पाचवा दिवस. वकील भेटू दिला नाही. वहिनींना फक्त कपडे आत पाठवू देतात.

आमच्याकडे निवेदन निघतं ते असं: मसुदा सगळ्या विभागांना जातो, मुख्यालयालाही जातो, आणि डोक्यावर मुदत लिहिलेली असते. तोवर कोणी काही बोललं नाही तर मंजूर. कोणी आक्षेप घेतला तर तेवढा भाग गळतो. आक्षेप कोणाचा, ते कागदावर येत नाही. कारणही द्यावं लागत नाही. अकरा वर्षं मला ही पद्धत फार सभ्य वाटत आली. कोणाचं तोंड कडू व्हायला नको, काम तर होतं.

आज कागदावर आलं: "एक आक्षेप. नाव वगळावे." वेळ तीन चाळीस.

कोण?

मुळात मी या कामाला हात लावावा की नाही यावरच सकाळी अर्धा तास गेला. वकीलबाई (आमच्या कायदा विभागाच्या, हसल्या तरी नोटीस दिल्यासारखं वाटतं) म्हणाल्या, "सख्खा भाऊ आहे, यांनी लांब राहावं." साहेब म्हणाले, "खरं आहे. पण आपल्या भाषेतली प्रत करणारं दुसरं आहे कोण?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दुसरं कोणीच नाही. म्हणून मी.

नाव छापून आलं की त्या माणसाला हात लावताना चारदा विचार करतात. मी अकरा वर्षं हेच बघितलंय. ज्याचं नाव नाही, तो उद्या कुठे गेला तरी विचारणार कोण?

५ नोव्हेंबर, मंगळवार

संस्थेत चिंता करायलाही पायऱ्या आहेत. सगळ्यात खाली "दखल घेतली आहे". मग "लक्ष ठेवून आहोत". मग "चिंता". मग "तीव्र चिंता", तिला मुख्यालयाची सही लागते. त्याच्याही वर एक आहे, ती मी एकदाच टाइप केली, आणि तेव्हा गाव अर्धं वाहून गेलं होतं. पाठिंब्याचंही तसंच. "पाठीशी आहोत" म्हटलं तर काही द्यावं लागत नाही. "पाठिंबा देऊ" म्हटलं की हिशेब विभाग दचकतो.

नव्या माणसाला हे शिकवताना मी हसायचे. रेडिओ (स्वागतकक्षात बसते, तिला काही सांगितलं की दुपारपर्यंत सगळ्या मजल्यांवर) तर मला चहा नको असला की म्हणायची, "ताईंनी चहाची दखल घेतली आहे."

आज हसू येत नाही. दादा कुठल्या पायरीवर आहे? विचारलं. साहेब म्हणाले, "सध्या दुसरी." म्हणजे लक्ष ठेवून आहोत. कोण ठेवून आहे? कशावर? तिथे ते चौकीच्या मागच्या खोलीत त्याला ठेवून आहेत आणि आम्ही लक्ष ठेवून आहोत!

गेल्या वर्षीची फाइल काढली. परदेशी सल्लागाराची गाडी नाक्यावर अडवली होती. दोन तास. त्याला खुर्ची दिली, लिंबू सरबत दिलं, हे त्यानेच नंतर सांगितलं. आमचं निवेदन: पूर्ण नाव, दोन पदव्या, "तीव्र चिंता". त्याच गाडीचा चालक रात्रभर आत होता. त्याचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात — "आणि एक स्थानिक सहकारी". ही प्रत आपल्या भाषेत मीच केली होती. तेव्हा काही वाटलं नाही. खरंच काही वाटलं नव्हतं, लिहून ठेवते.

६ नोव्हेंबर, बुधवार

आईला सांगितलंय दादा दौऱ्यावर आहे. आज तिने विचारलं, "इतके दिवस? कपडे किती नेलेत त्याने?" मी काही बोलायच्या आत वहिनी म्हणाल्या, "पुरेसे नेलेत, आई." अगदी सरळ आवाजात. वाटाणे सोलत होत्या, हातही थांबला नाही.

मला तसं जमत नाही. माझ्या तोंडावर सगळं दिसतं. पण वहिनींच्या तोंडावर काहीच कसं दिसत नाही?

७ नोव्हेंबर, गुरुवार

वहिनी दर दोन-तीन दिवसांनी चौकीवर जातात. सकाळच्या बसने, दोन तास तिकडे, दोन तास परत. आज मी रजा टाकली आणि म्हटलं, मीही येते. तर म्हणाल्या, "दोघी कशाला? गर्दी केली की ते चिडतात."

दोन बायकांची गर्दी!

मी म्हटलं, निदान अधिकाऱ्याशी मी बोलते, मला बोलायची सवय आहे. त्यांनी पिशवीचा बंद आवळला, म्हणाल्या, "तेच तर." आणि गेल्या. तेच तर म्हणजे काय? माझं बोलणं त्यांना नको आहे की मला काही कळायला नको आहे?

रजा फुकट गेली म्हणून दुपारी ऑफिसात गेले. रेडिओने खुणेने बोलावलं. म्हणाली, "ताई, तुम्हाला माहीत असेलच, पण तुमच्या वहिनी या आठवड्यात दोनदा येऊन गेल्या ना?"

मला माहीत नव्हतं. पण मी मान हलवली. तिला वाटायला नको की घरात मला कोणी काही सांगत नाही.

"साहेबांकडे," ती म्हणाली. "तिसऱ्या मजल्यावर. सोमवारी आणि काल. सोमवारी तर दार लावून अर्धा तास."

सोमवार! आक्षेप आला तो सोमवार!

बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. मग डोकं चालायला लागलं. साहेब फार गोड बोलतात. घरच्या बाईला बोलावून घ्यायचं, खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, आणि एका कागदावर सही घ्यायची — कुटुंबाची काही तक्रार नाही, संस्थेने सर्व सहकार्य केले. असे कागद मी बघितलेत. एकाची प्रत मी केलीय. पाण्यात शिसं संस्थेच्या नळांतून आलं, ते दादाच्या नावाबरोबर बाहेर येणार, म्हणून नाव नको. यात न समजण्यासारखं आहे काय? कुठेतरी पाणी मुरतंय असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

दादा नेहमी म्हणतो, ही पोस्टमनकडेही वाकड्या नजरेने बघते. बघते. बघावंच लागतं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

वकीलबाईंना जिन्यात गाठलं. लिफ्ट बंद होती म्हणून बरं, नाहीतर त्या सापडल्या नसत्या.

सरळ विचारलं, "आक्षेप तुमचा होता?"

"नाही."

"मग कोणाचा?"

"तुम्हाला पद्धत माहीत आहे." त्या थांबल्या. दम लागला होता त्यांना. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघा, मी तुमच्या जागी असते तर या वेळी मी हा कागद जरा सैल सोडला असता."

सैल सोडायचा! यांच्या भावाला उचललं असतं तर बघितलं असतं मी. मी म्हटलं, "तुमच्या विभागाच्या मते माझा भाऊ संस्थेचा माणूस तरी आहे का?" त्या म्हणाल्या, "कागदोपत्री ठेकेदाराचा." मी म्हटलं, "आणि पाट्या लावल्या त्या नळांवर नाव कोणाचं आहे, ठेकेदाराचं?" यावर त्या कठडा धरून पुढच्या पायऱ्या चढायला लागल्या.

पण त्या चोरट्या दिसल्या नाहीत, हेही खरं. बिचकलेल्या दिसल्या. म्हणजे त्यांना माहीत आहे, आणि त्यांना सांगायला बंदी आहे. म्हणजे साहेबच.

९ नोव्हेंबर, शनिवार

दिवसभर वहिनींशी बोलले नाही. त्यांच्या लक्षातही आलं नाही, किंवा आलं आणि बरं वाटलं.

१० नोव्हेंबर, रविवार

भांडण झालं. लिहून ठेवते, म्हणजे कोण काय म्हणालं ते नंतर कोणी फिरवायला नको.

वहिनी दादाच्या शर्टांना इस्त्री करत होत्या. पाच शर्ट. आत पाठवायच्या कपड्यांना त्या आजवर कधी इस्त्री करत नव्हत्या, कारण तिथे सगळं उलटंपालटं करून बघतात. मी म्हटलं, "एवढी तयारी कसली?" म्हणाल्या, "हाताला काहीतरी काम पाहिजे, वन्सं." लग्नात पहिल्यांदा थट्टेने वन्सं म्हणाल्या होत्या, मग तेच राहिलं. एरवी मला ते आवडतं.

"तुम्ही साहेबांकडे गेला होतात?"

इस्त्री थांबली. "गेले होते. यांच्या रजेचं विचारायला."

"रजेचं तळमजल्यावर बघतात. तिसऱ्या मजल्यावर नाही."

त्यांनी इस्त्री उभी केली, वायर काढली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "थोडे दिवस गप्प बसाल का? माझ्यासाठी नको, यांच्यासाठी."

तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या भावासाठी मी गप्प बसायचं, ते या सांगणार! मी म्हटलं, सही केलीत ना? कसली सही, म्हणाल्या. मी म्हटलं, कसली ते तुम्हाला माहीत, तुमच्या त्या साहेबांना माहीत. त्यांनी काय दिलं बदल्यात? ठेकेदाराकडे दादाची नोकरी राहील असं सांगितलं? पाणी तपासणाऱ्याची नोकरी, आणि पाण्यात काय सापडलं ते बोलायचं नाही?

त्या रडल्या नाहीत. मी वाट बघत होते. त्या फक्त म्हणाल्या, "तुम्हाला माझ्यावर एवढाच विश्वास आहे?"

आई आतून ओरडली, काय चाललंय दोघींचं. वहिनी म्हणाल्या, "काही नाही आई, शर्टाचं बटण सापडत नाहीये." अशी थाप, आणि तीही एका क्षणात! जी बाई इतक्या सहज खोटं बोलते तिच्यावर मी किती विश्वास ठेवायचा?

मला सांगायला हवं होतं असं मी म्हणतेय का? हो, म्हणतेय. दादाला चौथीत विंचू चावला तेव्हा मी दुसरीत होते, त्याला पाठुंगळी घ्यायला गेले आणि दोघं पडलो. तेव्हापासून माझा त्याच्यावर हक्क आहे. बायको म्हणून त्यांचा असेल, माझा आधीचा आहे.

११ नोव्हेंबर, सोमवार

मुख्यालयाकडून नवा मसुदा आला. बाहेर वार्ताहर विचारायला लागलेत, काही ना काही बोलावंच लागणार. सहा परिच्छेद. उतरवून घेते:

एक — प्रकल्पाशी संबंधित एका व्यक्तीबाबत प्रसिद्ध झालेल्या वृत्तांची संस्थेने दखल घेतली आहे. (दखल! दुसऱ्या पायरीवरून पहिलीवर उतरवलं.) दोन — संस्था परिस्थितीची माहिती घेत आहे. तीन — सर्व संबंधितांनी संयम बाळगावा. (पाणी पिणाऱ्यांनीही?) चार — शुद्ध पाणी हा प्रत्येकाचा अधिकार आहे. पाच — या दिशेने स्थानिक प्रशासन करत असलेल्या प्रयत्नांना संस्थेचा पाठिंबा आहे. सहा — नागरिकांच्या पाठीशी संस्था सदैव आहे.

पाचवा वाचून मला हसूच फुटलं. ज्यांनी आत टाकलं त्यांना पाठिंबा. जो आत आहे त्याची दखल.

आज चार वाजेपर्यंत आक्षेपाची मुदत होती. मी माझ्या विभागातून आक्षेप पाठवला: नाव घालावे. अकरा वर्षांत पहिला. सव्वाचारला उत्तर: "एक आक्षेप नोंदवला. त्यावर एक आक्षेप. मसुदा आहे तसा मंजूर." आक्षेपावर आक्षेप घेता येतो हे मला आजवर ठाऊकच नव्हतं.

साहेबांकडे गेले. ते उभे राहिले. माझ्यासाठी ते कधी उभे राहत नाहीत. म्हणाले, "मला तुमची अवस्था कळते." मी म्हटलं, "तुमची मला कळत नाही." ते खिडकीशी गेले, परत आले. म्हणाले, "या आठवड्यापुरता माझ्यावर विश्वास ठेवा. फक्त हा आठवडा." मी विचारलं, का, पुढच्या आठवड्यात काय आहे? ते म्हणाले, "मी शब्द दिलाय, मला बोलता येत नाही."

कोणाला शब्द दिलाय? कंत्राटदाराला? मंत्र्याला? प्रत्येकाने कोणाला तरी शब्द दिलाय, एका मलाच कोणी काही दिलेलं नाही.

उद्या चारपर्यंत आपल्या भाषेतली प्रत तयार हवी. दोन्ही एकदम बाहेर जाणार.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

केलं.

एका बैठकीत टाइप केलं.

इंग्रजी प्रत जशीच्या तशी ठेवली. मुख्यालयात ती शब्द शब्द वाचतात. आपल्या भाषेतली तिथे कोणाला वाचता येत नाही. वर्तमानपत्रं मात्र तीच घेतात, इथला माणूस तीच वाचतो. आणि अकरा वर्षांत ती तपासायची कोणाला गरज वाटली नाही. साहेब फक्त परिच्छेद मोजतात. तिकडे सहा, इकडे सहा — सही.

पहिल्या परिच्छेदात दादाचं नाव घातलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. वय त्रेचाळीस. काम — पाणी तपासनीस, नऊ वर्षं. कधीपासून आत आहे, कुठे आहे. नळ किती, शिसं किती. "दखल" काढली आणि "तीव्र चिंता" घातली, मुख्यालयाच्या सहीशिवाय! पाचव्यातला पाठिंबा प्रशासनाचा काढून "सत्य सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला" दिला. कर्मचारी. व्यक्ती नाही.

साडेतीनला साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा वर केला, बोट खाली खाली नेलं. ओठ हलत होते. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सही केली. म्हणाले, "थँक्यू. मला माहीत होतं तुम्ही समजून घ्याल."

क्षणभर वाईट वाटलं. मग वाटलं, फाइलमधला तो चालकही असाच समजून घेत बसला असेल.

चारला बाहेर गेली. पाच वाजता एका वार्ताहराचा फोन: दोन्ही प्रतींत फरक आहे, खरी कुठली? मी म्हटलं, "जी तुम्हाला वाचता येते ती."

घरी आले तेव्हा वहिनी बॅग भरत होत्या. मोठी बॅग, इस्त्रीचे शर्ट वर. मनात म्हटलं, उद्या सकाळी कळेल कोण कोणासाठी काय करतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी लिहिलेलं वाचायला मला सकाळची घाई आहे.

१३ नोव्हेंबर, बुधवार

पहिल्या पानावर! दोन्ही वर्तमानपत्रांत. एकात तर चौकटीत. दादाचा फोटो कुठून मिळवला कोण जाणे, जुना आहे, मिशा आहेत.

बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावरचा माणूस शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवत होता. "उकळूनही नको," तो परत परत म्हणत होता. शेजारचा म्हणाला, "शाबास, कोणीतरी बोललं." मला सांगावंसं वाटलं, माझा भाऊ आहे. सांगितलं नाही. उतरताना पायरी चुकले, इतकं भरून आलं होतं.

रेडिओने दारातच मिठी मारली. दोन कारकून उठून उभे राहिले. वकीलबाई जिन्यात भेटल्या. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी वाट अडवून उभी राहिले, म्हटलं, बोला ना, आता तरी बोला. त्या म्हणाल्या, "साहेब पहाटेच गाडी घेऊन गेलेत, चौकीवर." आणि निघून गेल्या.

जाऊ देत. आता सारवासारव करायला पळताहेत. माझी नोकरी जाईल, ते मला माहीत आहे. मुख्यालयातून दोन फोन आले, मी घेतले नाहीत. टेबलाचा खण रिकामा करून ठेवलाय.

वहिनी सकाळी सहाच्या बसने गेल्या, त्या मोठ्या बॅगेसकट. तेव्हा वर्तमानपत्र आलं नव्हतं. आज त्यांचा जायचा दिवसही नव्हता, काल जाऊन आल्या होत्या. मग आज कशाला? मी आईला विचारलं. आई म्हणाली, "मला म्हणाली, येताना तुमच्यासाठी काहीतरी घेऊन येते. हसत होती ती." वहिनी हसत होत्या! काय चाललंय या बाईचं, मला अजून कळत नाही.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ

वहिनी आल्या. एकट्या. मागे साहेब बॅग घेऊन उभे होते, उंबऱ्याच्या बाहेर.

आज अकरा वाजता दादाला सोडणार होते. साहेबांनी आणि वहिनींनी दहा दिवस धरणं धरल्यासारखं करून तिथल्या अधिकाऱ्याला कबूल केलं होतं. अट एकच — सुटेपर्यंत त्याचं नाव कुठेही छापून येता कामा नये, आणि ऑफिसात लिहिणारी बहीण आहे तिला तर अजिबात कळता कामा नये. दोन्ही आक्षेप साहेबांनी वहिनींच्या सांगण्यावरून घेतले होते.

"मला तुम्हाला सांगायचं होतं, वन्सं," त्या म्हणाल्या. "रविवारी तर तोंडापर्यंत आलं होतं."

अधिकाऱ्याच्या टेबलावर वर्तमानपत्र उघडं होतं. दादाला साडेनऊलाच तिथून हलवलं. कुठे, ते कोणी सांगत नाही.